करडा अहवाल

वृषालीचा अहवाल तिसऱ्या वर्षीही करडाच आला.

शाळेच्या प्रयोगशाळेत ती नववीच्या मुलांसाठी परीक्षानळ्या मांडत होती. फोन वाजला, तिनं ओले हात पदराला पुसले आणि मजकूर वाचला. ‘आपल्या तपासणीत आढळलेल्या बदलाचा अर्थ निश्चित झालेला नाही. सध्या कोणतीही कृती आवश्यक नाही. पुढील पुनरावलोकन एक वर्षानंतर.’ गेल्या वर्षी हेच होतं, त्याच्या आदल्या वर्षीही हेच. स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता.

‘अनुवंश’ मोहीम सुरू होऊन चार वर्षं झाली होती. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकानं एका नळीत थुंकायचं, नळी आरोग्य केंद्रात द्यायची आणि महिन्याभरात फोनवर रंग यायचा. हिरवा म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा वारसा नाही. लाल म्हणजे आहे, आणि मग दर वर्षी दुर्बिणीची तपासणी मोहीम स्वतः करून द्यायची. दुर्बिणीत आतड्याच्या आत फुटलेले मांसाचे कोंब दिसले की तिथल्या तिथे काढून टाकायचे आणि रोग होण्याआधीच थांबवायचा. मोहीम चांगली होती, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वृषाली राहायची त्या विट्यातच मोहिमेनं दोन माणसं वाचवली होती. पण शंभरातल्या अकरा जणांना करडा रंग यायचा, आणि करड्यांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं मदतवाणीला फोन लावला. पलीकडचा आवाज यंत्राचा होता, पण गोड होता. वृषालीनं पुन्हा सगळं सांगितलं. वडील एकोणपन्नासाव्या वर्षी आतड्याच्या कर्करोगानं गेले. आत्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तशीच पोट फुगून गेली. आजोबाही पोटाच्याच दुखण्यानं गेले. मी आता एक्केचाळीसची आहे. आवाजानं सगळं ऐकून घेतलं, तुमची काळजी आम्ही समजू शकतो असं म्हटलं आणि करड्या गटासाठी दुर्बीण-तपासणीची तरतूद नाही हे तिसऱ्यांदा सांगितलं. मला माणसाशी बोलायचं असेल तर काय करायचं, असं तिनं विचारलं. त्यावर आवाजानं तिला मिरजेच्या केंद्राची वेळ दिली, सात आठवड्यांनंतरची.

तसं तिनं मागे एकदा स्वतःहून सांगलीत दुर्बिणीनं तपासून घेतलं होतं. काही निघालं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी तिचा करडा अहवाल पाहिला आणि आता दहा वर्षं इकडे फिरकू नका म्हणाले. दरवर्षी स्वतःच्या खर्चानं करणं परवडणारंही नव्हतं. घरी जयंत, तिचा नवरा, तेच म्हणायचा. नाही ना काही निघालं, मग सोड की आता. तो वाईट माणूस नव्हता. तीन वर्षं एकच विषय ऐकून कुठलाही माणूस कंटाळला असता.

आणि प्रश्न एकट्या वृषालीचा नव्हता. तिचं माहेर विट्याजवळच्या गलाई कामगारांच्या गावातलं. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून, तेजाबात टाकून शुद्ध करणं. त्या गावातली निम्मी घरं या धंद्यासाठी देशभर पांगलेली. कुणी कोचीत, कुणी लुधियान्यात, कुणी गुवाहाटीत. वृषालीचे वडील, आप्पा, सेलमला होते. तिथे आता तिचा थोरला भाऊ संग्राम दुकान चालवत होता. यातल्या कुणालाच ही मोहीम लागू नव्हती, कारण ती महाराष्ट्रात राहणाऱ्यांपुरती होती. तिनं फोन करून सांगितलं तर नातेवाईक विचारायचे, तुझा स्वतःचा अहवाल काय आलाय? करडा म्हटलं की संपलं. शिवाय गलाईवाल्यांमध्ये पोटाच्या दुखण्याचं कारण आधीपासून ठरलेलं होतं, तेजाबाचा धूर. आप्पाही धुरानंच गेले असं सगळे मानायचे.

मिरजेच्या केंद्रातल्या डॉ. नाझनीन मुजावर वृषालीच्याच वयाच्या होत्या आणि तिच्याइतक्याच वैतागलेल्या दिसत होत्या. त्यांनी अहवाल पडद्यावर उघडला आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिला तो नीट समजावून सांगितला.

आतड्याच्या आतल्या पेशी सतत झिजतात आणि नव्या तयार होतात. नवी पेशी तयार होताना आपल्या सगळ्या गुणसूत्रांची, म्हणजे तीनशे कोटी अक्षरांची, नक्कल होते. इतकं लिहिताना चुका होणारच. त्या चुका शोधून दुरुस्त करणारी काही प्रथिनं पेशीत असतात. दुरुस्ती करणारं प्रथिनच ज्या जनुकातून बनतं, ते जनुक काही घराण्यांत बिघडलेलं असतं. मग चुका साचत जातात आणि ऐन चाळिशीत कर्करोग होतो. आई-बापांपैकी एकाकडे असं जनुक असेल तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी.

“तुमच्या त्या जनुकात एक अक्षर बदललंय,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यानं प्रथिन बिघडतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. हा बदल परदेशातल्या माहितीत कुठेच नाही. आपल्याकडे आहे, पण आपल्याकडच्या आजारी माणसांची माहिती कुणी कधी साठवलीच नाही. त्यामुळे रंग ठरवणारी प्रणाली म्हणते, माहीत नाही.”

“माझ्या घरात तीन माणसं गेलीत, ती तिला दिसत नाहीत?”

“ती तुम्ही सांगितलेली गोष्ट झाली. तिला पुरावा लागतो. मी माझ्या हातानं रंग बदलू शकत नाही. बदलता आला असता तर मागच्याच वर्षी बदलला असता.”

मग त्यांनी विचारलं, वडिलांची शस्त्रक्रिया झाली होती का? झाली होती, सेलमला, एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हा काढलेल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला असणार, असं त्या म्हणाल्या. काही रुग्णालयं असे ठोकळे वीस वर्षं ठेवतात. त्या तुकड्यात तेच बदललेलं अक्षर सापडलं आणि दुरुस्तीचं प्रथिन गायब दिसलं, तर प्रणालीला मान्य करावंच लागेल.

काडेपेटीपेक्षाही लहान मेणाचा ठोकळा. वृषाली परतीच्या एसटीत बसली तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी करण्यासारखं सापडलं होतं.

सेलमच्या रुग्णालयानं आठ दिवसांत उत्तर दिलं. ठोकळा आहे. मार्चअखेर वीस वर्षं पूर्ण होतात, त्यानंतर तो नष्ट केला जाईल. हवा असल्यास शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर ज्यांची सही आहे त्यांनी स्वतः येऊन सही करावी. संमतीपत्रावर सही होती संग्रामची.

तिनं त्याच संध्याकाळी त्याला फोन केला. संग्रामनं ऐकून घेतलं आणि पूर्वाचं लग्न ठरत आलंय, अशात ही भानगड नको, असं म्हणाला. पूर्वा त्याची एकुलती एक मुलगी. मुलाकडच्यांना कळलं की घराण्यात रोग आहे, तर? वृषालीनं पुन्हा फोन केला, मग पुन्हा. त्यानंतर वहिनी फोन उचलू लागल्या आणि ते भट्टीवर आहेत म्हणू लागल्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती स्वतःच सेलमला गेली.

दुकान एका अरुंद गल्लीत होतं. संग्रामनं तिला प्रेमानं आत नेलं, कॉफी मागवली आणि तिनं विषय काढायच्या आत भट्टी दाखवायला घेऊन गेला. भट्टीच्या वर पत्र्याचं मोठं धुराडं होतं, त्याला पंखे, पाण्याचे फवारे, छतावरून बाहेर गेलेला जाड नळ. तेजाबाचा तांबूस धूर उठला की वरच्या वर ओढला जायचा. आप्पा गेल्यावर वर्षभरात त्यानं ते बसवलं होतं आणि तेव्हापासून दरवर्षी त्यात काही ना काही सुधारत आला होता. कामगारांना मुखवट्याशिवाय आत येऊ द्यायचा नाही.

“आप्पा त्या कोपऱ्यात बसायचे,” तो म्हणाला. “तेव्हा यातलं काही नव्हतं. सगळा धूर पोटात.”

“धूर छातीत जातो, दादा.”

“पोटातही जातो.”

“हौसाआत्या कधी भट्टीपुढे बसली होती? ती तर सांगलीच्या पुढे कधी गेली नाही.”

तो पंख्याच्या बटणाशी काहीतरी करत राहिला. आत्याचं वेगळं होतं, असं पुटपुटला. वृषालीनं पिशवीतून अर्ज काढून त्याच्या समोर धरला. चालत दहा मिनिटांवर रुग्णालय आहे, एक सही करायची, तुझी स्वतःची तपासणी कर असंसुद्धा मी म्हणत नाही, असं तिनं सांगितलं.

“लग्न होऊ दे. मग बघू.”

“लग्न मेमध्ये आहे. ठोकळा मार्चमध्ये फेकून देणार.”

“मग जाऊ दे,” संग्राम म्हणाला.

तो रागानं बोलला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. लहानपणी सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत सोडणारा, आप्पा गेल्यावर तिचं लग्न लावून देणारा हा भाऊ तिच्याकडे न बघता बोलत होता. ती त्याच दिवशी परत निघाली. गाडीत तिनं अर्जाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आपल्या जिवाचा निकाल एका ठोकळ्यात आहे, आणि तो मिळत नाही तो कायद्यामुळे नाही, यंत्रामुळे नाही, पैशामुळे नाही, आपल्या सख्ख्या भावामुळे, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

पुढचे दोन महिने तिनं सगळे मार्ग धुंडाळले. मुलगी म्हणून मला हक्क नाही का, असं रुग्णालयाला लिहिलं. त्यांनी सहीचा नियम पुन्हा पाठवला. मदतवाणीनं तिची तक्रार नोंदवून घेतली आणि दुसऱ्या राज्यातली बाब म्हणून बंद केली. आत्याचा मुलगा ओंकार कोचीला होता. त्याला तरी संग्रामशी बोलायला सांगावं म्हणून फोन केला, तर तो म्हणाला, ताई, आई जाऊन तेरा वर्षं झाली, आता कशाला उकरतेस. डॉ. मुजावरांनी आपल्या अधिकारात एक पत्र सेलमला पाठवलं. त्याला उत्तरच आलं नाही.

जानेवारीत पूर्वाचा फोन आला. तिला घरातल्या कुजबुजीतून सगळं कळलं होतं. तिनं होणाऱ्या नवऱ्याला स्वतःच सांगून टाकलं होतं. तो काय म्हणाला, असं वृषालीनं धास्तावून विचारलं.

“म्हणाला, मग तपासून घे. बाकी काही नाही, आत्या.”

वृषालीला वाटलं, आता दादाकडे कारणच उरलं नाही. आज-उद्या सही होईल. पण जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. लग्नाचं कारण संपलं होतं आणि संग्राम तरीही गप्प होता. तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली की कारण वेगळंच असावं. घाबरला असेल, असं ती जयंतला म्हणाली. त्याला स्वतःचा रंग बघायची भीती वाटत असेल.

मार्चच्या वीस तारखेला रुग्णालयाकडून दोन ओळी आल्या. सही मिळाली, ठोकळा आणि फाइलची प्रत मिरज केंद्राकडे रवाना. संग्रामचा फोन नाही, निरोप नाही. तिनं त्याला ‘दादा, उपकार झाले’ असा मेसेज पाठवला. त्यानं तो वाचला आणि उत्तर दिलं नाही.

एप्रिलच्या शेवटी डॉ. मुजावरांनी तिला बोलावलं. आप्पांच्या गाठीत तेच अक्षर बदललेलं होतं आणि दुरुस्तीच्या प्रथिनाचा मागमूस नव्हता. पुरावा पक्का होता. प्रणालीकडे तो त्या दिवशीच गेला होता. वृषालीला वाटलं होतं की हे ऐकून आपण सुटल्यासारखं रडू. पण डॉक्टरांचा चेहरा बघून ती थांबली.

“फाइलमध्ये एक पान आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही ते बघावं असं मला वाटतं. माझ्याकडून लपवलं जाऊ नये.”

ते आप्पांना घरी सोडतानाचं पान होतं. औषधांच्या यादीखाली तिथल्या शल्यविशारदांनी हातानं इंग्रजीत लिहिलं होतं, की हा रोग आनुवंशिक असण्याचा संशय आहे. रुग्णाची भावंडं आणि मुलं यांची दुर्बिणीनं तपासणी व्हावी. खाली आणखी एक ओळ होती. ‘मुलाला तमिळमध्ये समजावून सांगितले. त्याला समजले आहे.’ आणि त्याखाली संग्रामची सही.

आप्पा गेल्यानंतर हौसाआत्या सहा वर्षं जगली होती.

वृषालीनं त्या दिवशी भावाला फोन केला नाही, नंतरही केला नाही. जयंतलाही तिनं काही सांगितलं नाही. पूर्वाच्या लग्नात ती अक्षता टाकण्यापुरती गेली, जेवली आणि संग्रामच्या समोर न येता परतली.

जूनमधल्या एका सोमवारी तिचा करडा अहवाल लाल झाला. तोच बदल राज्यात आणखी सहाशे चौदा जणांमध्ये होता. त्यांचेही रंग त्याच सकाळी बदलले. बहुतेक सांगली-साताऱ्याकडचे होते, काहींना तर आपल्या घरात असा रोग आहे याची कल्पनाही नव्हती. शाळेतल्या गणिताच्या सरांचाही रंग बदलला. ते दिवसभर स्टाफरूममध्ये फोन उलटा ठेवून बसले होते. हे आपल्यामुळे झालं, हे वृषालीनं त्यांना सांगितलं नाही.

मग तिनं दुर्बीण-तपासणीची वेळ मागितली. मदतवाणी म्हणाली, आपण आता पात्र आहात, अभिनंदन. नव्यानं पात्र झालेल्यांची संख्या अचानक वाढल्यानं पुढची रिकामी वेळ पाच महिन्यांनंतरची आहे. ती रांग तिनंच लांब केली होती.

नोव्हेंबरमध्ये तपासणी झाली. डॉ. मुजावर स्वतः येऊन सांगून गेल्या. दोन कोंब निघाले. एक साधा होता. दुसरा चपटा, आतड्याला चिकटून वाढणारा, आणखी वर्ष-दीड वर्षात त्याचा रोग झाला असता. दोन्ही काढले. आता दरवर्षी यायचं.

गुंगी उतरत असताना तिनं दाराकडे पाहिलं तर जयंतच्या शेजारी संग्राम उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पूर्वाकडून तारीख कळली, म्हणून आलो, असं म्हणाला. जयंत औषधं आणायला खाली गेला, तसा संग्राम खाटेजवळच्या खुर्चीवर बसला. त्यानं फोनवर आपला अहवाल काढून तिच्यासमोर धरला. लाल अहवाल आलेल्यांच्या नातेवाइकांना मोहीम राज्याबाहेरही तपासणी करून द्यायची, तशी सेलमला त्याची आणि पूर्वाची झाली होती. त्याचा अहवाल हिरवा होता. म्हणजे पूर्वाकडेही ते जनुक येणं शक्य नव्हतं.

“मला नव्हतंच काही,” तो म्हणाला. “कधीच नव्हतं.”

वृषालीनं त्याचा फोन हातानं बाजूला सारला.

“तू ते पान वाचलंस?”

“वाचलं.”

“तेव्हा मला कळलं होतं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.” त्याचा आवाज खाली गेला. “आप्पा जिवंत होते अजून. मला वाटलं, त्यांच्यासमोर नको. मग ते गेले. मग तुझं लग्न होतं. मग वाटलं, धूरच असेल, डॉक्टरांना काय माहीत आमच्या धंद्याचं. आत्या आजारी पडली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर सांगणार तरी कसं?”

“सही का केलीस मग?”

“पूर्वानं विचारलं, मला असलं तर मला कधी कळेल? मला उत्तर देता येईना.”

त्याला तिनं शिव्या द्याव्यात किंवा समजून घ्यावं, यातलं काहीतरी एक हवं होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. वृषालीला दोन्हीतलं काही जमलं नाही. एकोणीस वर्षं हा माणूस पत्रा ठोकत बसला होता. तिनं उशाची पिशवी मागितली. पिशवीत एक वही होती. आप्पांच्या आणि आत्याच्या बाजूच्या नातेवाइकांची त्रेचाळीस नावं त्यात होती, गाव आणि फोन नंबरांसकट. उन्हाळ्यापासून ती त्यांना फोन करत होती. सतरा जणांनी ऐकलं होतं. बाकीच्यांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं होतं.

“हे उरलेले फोन तू करायचे,” ती म्हणाली. “माझं कुणी ऐकत नाही. तू त्यांच्या धंद्यातला आहेस.”

“करतो. सेलमला गेलो की रोज दोन-तीन—”

“आत्ता. पहिला ओंकारला. आणि पानावर काय लिहिलं होतं तेही सांगायचं.”

संग्रामनं वहीत ओंकारचं नाव शोधलं. मग त्यानं नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजली.

“ओंकार, संग्रामदादा बोलतोय. आत्याबद्दल बोलायचंय. आप्पांच्या वेळी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की आत्याला तपासून घ्या म्हणून. मी ते कुणाला सांगितलं नाही. आता तुला तपासायला पाहिजे.”

पलीकडून काय आलं ते वृषालीला ऐकू आलं नाही. संग्राम मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं फोन कानावरून काढला आणि विझलेल्या पडद्याकडे पाहिलं.

“कट केला त्यानं.”

“परत लाव,” वृषाली म्हणाली.